नवाबकुमारचा आवाज

सिनेमातला नवाबकुमार मरून जमाना झाला, पण धाड गावच्या बाजारात त्याचा आवाज शकूरच्या गळ्यात जिवंत होता. दर बरसीला चाहते चौकात भोंगा लावायचे आणि शकूर त्याचे डायलॉग म्हणायचा.

गेल्या हंगामात शकूरनं तोच आवाज बीटी कपाशीच्या बियाण्याची जाहिरात करत फिरणाऱ्या जीपला विकला. ‘एका बोंडाला अळी शिवणार नाही.’ लोकांनी बियाण्यावर नाही, नवाबकुमारवर भरोसा ठेवला. अळीनं शेतंच्या शेतं पोखरली, आणि ते हरामखोर जीपवाले पुन्हा फिरकले नाहीत.

यंदाच्या बरसीला भोंगा लावणाऱ्या तोतऱ्या जानरावानं माइक पुढं केला. “सि-सिनेमातलंच बोलजो बे. नाईतर पुढच्या बरसीले तुले बो-बोलावत नाई.”

“हाव ना भाऊ,” शकूर म्हणाला.

त्यानं डायलॉग सुरू करायच्या आधीच भोंगा घुमला. ‘एका बोंडाला अळी शिवणार नाही.’

“मी नाई बोलून राह्यलो,” शकूर कळवळला. आवाज थांबेना. जानरावानं वायर उपटली. भोंग्याच्या मशीनचा लाल दिवा विझला.

शकूरनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. तरी आवाज येतच होता, आता अगदी जवळून.

उपटलेली वायर हातात घेऊन जानराव बोलत होता. एकदाही न अडखळता.