गोधडीखालचा शार्क

"चमकतो म्हणतेस, पण कुठं चमकतोय?" परीक्षकांनी चष्मा कपाळावर सरकवला.

जुन्नरच्या विज्ञान प्रदर्शनातल्या त्या वर्गाला पडदे नव्हते. समृद्धीचा वीतभर मातीचा शार्क भर उन्हात उताणा पडला होता.

"हा खोल समुद्रात असतो, सर. तिथं पार काळोख. खालून कुणाला त्याची सावली दिसू नये म्हणून पोट निळं चमकतं. मी पोटाला रेडियम लावलंय. पण अंधार पाहिजे."

"मराठीत काय म्हणतात याला?"

"नाव नाही, सर. फार कुणी बघितलाच नाही."

परीक्षकांनी शार्क उलटा केला. "आणि हे पाठीवर वशिंड?"

"ते माझं," मागून आजोबा, हौशीराम, म्हणाले. "पोळ्याला बैल करायची सवय. हात पाठीवर गेला की वशिंड निघतंच."

सगळा वर्ग हसला.

"तुमच्या आणे गावाला टँकरनं पाणी येतं आणि तुम्ही समुद्र घेऊन आलात!" परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. "जे दिसेल त्यालाच मार्क, बाळ."

समृद्धीनं मान खाली घातली. दोन महिने ती याच्यामागं होती.

शार्क फुटू नये म्हणून आण्याहून गोधडीवर ठेवून आणला होता. गोधडी समृद्धीच्या आजीच्या, साळुबाईंच्या हातची, घडीही त्यांनीच घातलेली. त्या गेल्यापासून ती कुणी उलगडली नव्हती. सकाळी निघताना हौशीरामांनी नातीला बजावलं होतं, "घडी मोडायची न्हाई."

आता त्यांनीच गोधडी उचलली आणि दोन्ही हातांनी झटकली.

"सर, डोकं घाला आत."

"अहो, मी कसा..."

"लई उकडंल. पण घाला."

परीक्षक वाकले. समृद्धी शार्क घेऊन आत शिरली. हौशीरामांनी दोघांवर गोधडी पांघरली आणि कडा टेबलाशी दाबून धरल्या.

"अगं आई गं!" एकदम परीक्षकांचा आवाज आला. "ओ आजोबा, तिकडून उजेड येतोय! नीट धरा!"

बराच वेळ ते बाहेर आले नाहीत. आले तेव्हा घामानं भिजले होते. त्यांनी मार्क लिहिले, कागद समृद्धीला दाखवला आणि पुन्हा आत डोकं घातलं.

मघाशी सगळ्यांत मोठ्यानं हसलेला शिक्षक मागं लागलेल्या रांगेत पहिला उभा होता.

ऊन उतरलं तेव्हा समृद्धी म्हणाली, "आबा, हात दुखले असतील. घडी घालू?"

"राहू दे," हौशीराम म्हणाले. "रांग पार झेंड्याच्या खांबापर्यंत गेलीया."