शेजारचा वाफा

भिवराबाई अन् सरजाबाई या शेजारणींचे भाजीचे वाफे बोरीच्या शाळेमागं एकमेकांना लागून होते. सरजाबाईच्या दुधीच्या वेलानं बांध ओलांडला, त्यावरून भांडण झालं अन् दोघींची बोलचाल बंद पडली. पण सरजाबाईचा वाफा आपल्यापेक्षा हिरवा दिसू नये म्हणून भिवराबाई भर उन्हात पाणी घालायची, पावसात डोक्यावर पोतं घेऊन खुरपायची. यंदाच्या थंडीत मात्र सरजाबाई येईना अन् भिवराबाईलाही गोधडीतून निघवेना. शेवटी ती सरजाबाईच्या दारात गेली. सरजाबाई पांघरूण घेऊन पडली होती. "ऊठ की गं. तू न्हाईस तर कुणावर जळत खुरपायचं मी?" "कणकण हाय. जा तू." "बरं, नीज. तुझ्या मेथीला मीच पाणी देते." सरजाबाई ताडकन उठली. "खबरदार! सडवशील माझी मेथी!" अन् तशीच अनवाणी निघाली. भिवराबाई तिच्या चपला घेऊन मागं पळाली.