एक शब्द पुढे

भावाच्या रॉक कॉन्सर्टचा लाइव्ह अल्बम ताईच मिक्स करत होती. त्यातली पहिली दोन गाणी कॉन्सर्टच्या आधीच सिंगल म्हणून बाहेर पडलेली होती; ती मिक्स करताना दोघं खूप हसली होती. गर्दीतलं कुणीतरी त्याच्या आधी एकेक शब्द गात होतं.

"तुझ्यापेक्षा त्यालाच पाठ आहे की रे," ताई म्हणाली होती.

तिसरं गाणं मात्र त्याने स्टेजवरच, गाता गाता रचलं होतं. त्यातही तो आवाज एक शब्द पुढेच होता. पावलाआधी सावली पडावी तसा.

ताईने गर्दीचा आवाज टिपणारे सगळे माइक मिक्समधून बंद केले. तो आवाज गेला नाही, उलट आणखी स्पष्ट झाला.

"हा तूच आहेस रे."

"काहीतरीच काय, ताई," मागच्या सोफ्यावर कॉफी पीत तो म्हणाला. "मला एकच गळा आहे."

गाणं संपलं. टाळ्या विरल्या. मग स्पीकरमधून तोच आवाज धापा टाकत आला, "ताई, मला श्वास घेता येत नाहीये."

पुढे काहीच नव्हतं.

ताईला मागे वळून बघवेना. मागे कप टेबलावर टेकला.

"ताई," भाऊ म्हणाला, "मला..."