पिवळी ज्योत

गॅस आजही पेटला नाही. रचनानं काडी ओढून शेगडीची कळ फिरवली. बर्नरवर एक पिवळी ज्योत थरथरली आणि विझली. खिडकीतून परसातली गोबरगॅसची टाकी दिसत होती. तिच्यावरचा एरवी टम्म असणारा रबरी फुगा पार सुरकुतला होता.

"थंडीचा होते तसा," तिचे सासरे हरेश्वर परसातून म्हणाले. "शेन टाकतो दोन पाट्या. मग बघ."

"थंडीनं नाही, बाबा. कोंबड्यांना पाण्यातून औषध पाजलंत ना?"

"पाजनारच. खोकत होत्या. एक मेली नाय."

"ते औषध कोंबडखतातून टाकीत उतरलं. गॅस बनवणारे जंतूच मेले त्यानं."

"कोंबड्या वाचल्या, जंतू मेले," हरेश्वर हसले. "मग औषध चांगलाच की गो!"

रचनाला हसू आलं नाही. खतातून उतरलं, तर अंड्यातूनही उतरलं असणार. सकाळी हेच तिनं नवऱ्याला सांगून पाहिलं होतं. थोडे दिवस अंडी विकू नकोस म्हणून. अल्पेश ट्रे मोजत म्हणाला होता, "आणि नायगावच्या दुकानदारांना काय सांगू? कोंबड्या रजेवर गेल्यात?" त्यांच्या चांदीप गावातून अंड्यांचा टेम्पो निघूनही गेला होता.

मागच्या पडवीतून वाटीवर चमचा वाजला. ती धावली.

गॅस नाही म्हणून सासूबाईंनी चूल पेटवली होती. मांडीवर रचनाचा छोटा सुमेध होता, आणि वाटीत कुस्करलेलं उकडलेलं अंडं. एक घास त्याच्या गालाला लागला होता.

"आई, अंडं नको त्याला."

"आता काय झाला? घरचा अंडा हाय, बाजारचा नाय."

"औषध आहे त्यात. मी दुकानातून दुसरं आणते."

सत्यवतीनं सुनेकडे वर बघितलं. "नाक्यावरच्या दुकानातून? त्याला अंडी कोन देते? आपला अल्पेशच ना?"

 रचनानं हात पुढे करून वाटी ओढून घेतली, तसा सुमेधनं भोकाड पसरलं. सत्यवतीनं वाटी परत घेतली. रचनानं सोडली. आठवडाभर ती स्वतःच तर त्याला हीच अंडी भरवत होती.

परसात पाटी टाकीत रिकामी झाल्याचा आवाज आला. "बघ गो," हरेश्वर ओरडले, "उद्या पेटते की नाय!"

सुमेध रडायचा थांबला. आईकडे बघत त्यानं पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.