मागची गाडी

आरशात आधी हेल्मेट दिसलं. पांढरं, मागे निमुळतं होत गेलेलं. मग वरखाली होणारे गुडघे.

स्टिअरिंगवरच्या मिनलने नजर पुढे वळवली. पुढे सायकलवर पप्पांची, साहेबरावांची पाठ होती. डोकं खाली, कोपरं एकमेकांजवळ, पाठ रस्त्याला समांतर. रविवारची सकाळ होती. चाकण एमआयडीसीतला हा रस्ता शर्यतीसाठी बंद ठेवला होता. कडेला अडकून पडलेले कंटेनरचे ड्रायव्हर तोंडात ब्रश धरून शर्यत बघत होते.

टाइम ट्रायलमध्ये सगळे एकदम सुटत नाहीत. एकेक जण सुटतो, मध्ये मिनिटभर जाऊ देतात, मग पुढचा. प्रत्येकाने आपापलं एकट्याने जायचं. पाठीमागून सुटलेल्याने आपल्याला वाटेत गाठलं, तर त्याहून मोठी नामुष्की नाही. साहेबराव वीसेक वर्षं कंपनीच्या संघातून ही एकच शर्यत करत आले होते. आता ते सेहेचाळीस वर्षांचे होते, आणि आजवर त्यांना कुणी गाठलेलं नव्हतं.

टपावर थाप पडली. मिनल चालवत होती त्या टेम्पोच्या, छोट्या हत्तीच्या हौद्यात जादा चाकं सांभाळत नवनाथ उभा होता. कंपनीत साहेबरावांच्याच खात्यातला फिटर. त्यांची सायकलही तोच बघायचा. तो खिडकीशी वाकला.

"दिसला का गं?"

"कधीचाच. आपल्यामागून सुटलेला, निरंजन आहे."

"काय खाऊन आलंय हे पोरगं! इंजिन-बिंजिन बसवलंय का बघ जरा."

मिनल हसली नाही. तेवढ्यात पंचाची मोटारसायकल शेजारी आली. मागे बसलेल्या पंचाने शिट्टी वाजवली आणि हाताने खूण केली.

"मॅडम, गाडी मागे घ्या. दोघांच्या मध्ये गाडी चालत नाही."

"घेतो ओ साहेब," नवनाथ वरून ओरडला, "गिअर अडकलाय!"

"अडकलाय तर गाडी चाललीय कशी?"

"पुढंच चाललीय ना! मागं यायचं नाव घेत न्हाई!"

मोटारसायकल चालवणारा हसला. पंच हसला नाही. "त्या वळणापर्यंत बघतो. मग तुमच्या माणसाला बाद करतो."

मोटारसायकल मागे राहिली. नवनाथ पुन्हा वाकला. या वेळी त्याचा आवाज खाली आला होता.

"वळणापर्यंत ने. पुढं उतार हाय. उताराला साहेब्या कुणाच्या बापाला ऐकत न्हाई."

 मिनलला नियम माहीत होता. अडचण नियमाची नव्हती.

साहेबराव शर्यतीत मागे बघत नसत. मागच्या गाडीतून कर्ण्यावर ओरडलेलंही त्यांना खपत नसे. मिनलला लायसन्स मिळालं तेव्हापासून त्यांच्यामागे तीच गाडी चालवायची, आणि त्यांनी तिला एवढंच सांगून ठेवलं होतं, "तू बोलू नकोस. नुसती मागे राहा." छोट्या हत्तीची खडखड कानावर येत राहिली, की मागे सगळं ठीक आहे असं ते धरून चालत. आता ती खडखड लांब गेली, की मागून कुणीतरी गाठतंय हे त्यांना कळणार होतं. वेगळं कुणी सांगायला नको होतं.

"कळेल त्यांना," ती म्हणाली.

"कळंल म्हणूनच म्हणतोय, सोडू नको."

"आणि बाद केलं तर?"

 "बाद झालेला चालंल गं. गाठलेला न्हाई चालायचा."

"कुणाला, काका? त्यांना की तुम्हाला?"

आरशात आता निरंजनचा चेहरा दिसत होता. तोंड उघडं, नजर सरळ या गाडीवर. त्याला पुढे जायला वाट हवी होती, आणि वाटेत ती होती.

मिनलने पाय उचलला. गाडी बाजूला घेतली.

खडखड कमी झाली. पुढे साहेबरावांचं डोकं किंचित वर आलं. कुणीतरी हाक मारावी आणि ती ऐकू आली की नाही ते कळू नये, तसं. त्यांनी वळून पाहिलं नाही. पण ते रस्त्याच्या डाव्या कडेला सरकले आणि मधला रस्ता त्यांनी मोकळा करून दिला.

निरंजन खिडकीजवळून गेला. चाकाचा घुमणारा आवाज आला आणि विरला. त्याच्यामागून त्याची गाडी गेली, कर्ण्यावर कुणीतरी बेभान ओरडत होतं, "गाठलास, भावा! गाठलास!" नवनाथने हौद्यात पाठ फिरवली आणि तो उगाच एका चाकाच्या तारा दाबून बघत राहिला.

वळणावर निरंजन साहेबरावांच्या पुढे गेला. दोघांत चांगलं अंतर पडल्यावर पंचाने मिनलला हाताने खुणावलं. जा आता, तुमच्या माणसामागे.

तिने गिअर टाकला. वळण पार केलं तसा उतार लागला. साहेबराव पुन्हा खाली वाकले होते. निरंजनच्या गाडीचा आडोसा त्यांनी घेतला नव्हता. डाव्या कडेने, उघड्या वाऱ्यात, ते एकटे चालले होते.

काटा चाळीसवर गेला. पंचेचाळीस झाले. मिनल पुढे झुकून बसली.

टपावर दोन थापा पडल्या. "अगं, दाब की!"

"दाबलाय!"

पन्नास. गाडीचा पत्रा थरथरायला लागला. नवनाथ टपाला धरून उभा राहिला आणि सगळा जीव एकवटून ओरडला,

"ए साहेब्या! अरे, आमाला तरी येऊ दे!"

पप्पांची पाठ होती तेवढीच लांब होती.