सासूबाईंच्या कॉफीचं प्रमाण

"सहास तीनास एक," श्वेतानं सांगितलं आणि मल्लेश्वरमच्या कॉफीपुडीच्या दुकानात काट्यापुढं डोळ्यांत तेल घालून उभी राहिली. अर्ध्या किलोत पीबेरी प्रकारची कॉफी तीनशे ग्रॅम, प्लँटेशन प्रकारची दीडशे, वर मिसळायची चिकोरीची पूड पन्नास. एकूण दहा भाग, प्रत्येक भाग पन्नासचा. दिवसभर ऑफिसात आकड्यांशी झोंबणारी बाई ती, तीन आकड्यांना काय भीक घालणार?

पण तीन आकड्यांनीच तिला वेड लावायचं ठरवलं होतं. सासऱ्यांना कॉफी पसंत पडत नव्हती.

सासरे म्हणजे कृष्णातमामा, निपाणीजवळच्या खेड्यातले. सासूबाई हिच्या लग्नाआधीच वारलेल्या. मामा गावात एकटेच राहायचे आणि गेल्या वर्षी अंगणात घसरून पडले. म्हणून मुलानं, म्हणजे शुभंकरनं, त्यांना राजाजीनगरच्या फ्लॅटवर आणून सोडलं आणि तो आपल्या बोटीवर निघून गेला. तिथं तो इंजिनिअर. जाताना बायकोला एवढंच म्हणाला, मी येईपर्यंत अप्पांना परत जाऊ देऊ नकोस.

श्वेतानं शब्द दिला. शब्दाचं सोडा, तिला स्वतःलाच ते हवे होते. पुण्यात वडलांविना वाढलेली पोर. घरात कुणी मोठं माणूस नुसतं खाकरलं तरी तिला बरं वाटायचं.

कर्नाटकातलं सासर म्हणून कॉफीचा फिल्टर तिनं आधीच आणून ठेवला होता. शेजारच्या प्रणिताक्कानं डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, काढायला शिकवलं होतं. पहिल्या सकाळी मामांनी पेला संपवला, ब्येस झालीया म्हणाले. पुढं एकदा तिनं सहज विचारलं, आईंच्या हातची अशीच असायची का? मामांनी पेला खाली ठेवला.

"तिची येगळी व्हती," ते म्हणाले.

झालं. श्वेताच्या अंगावर पदर नव्हता, तरी तिनं तो खोचला. मामांना घेऊन ती थेट दुकानात गेली. दुकानदार नागराजनं विचारलं, तिन्ही किती किती घालू? मामांनी भिंतीवरचा मिश्रणांचा फळा वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाले, पाच, तीन, दोन. श्वेताला केवढा आनंद झाला. माणूस गेलं तरी त्याचं प्रमाण मागं राहतं, असं काहीबाही तिच्या मनात आलं आणि डोळे भरून आले.

पाचास तीनास दोनची कॉफी पिऊन मामा म्हणाले, जवळ आलीया, पर कडू जरा जास्त. म्हणून तिनं चिकोरी निम्मी करून ते सहास तीनास एक आणलं, तर म्हणे आता पातळ लागती. मग चारास चारास दोन. नागराज हसून म्हणाला, मॅडम, ते दोनास दोनास एकच झालं की! आकडेवाल्या बाईचे कान लाल झाले.

मग तिला वाटलं, सासूबाई काही वजनानं मोजत नसतील, वाटीनं मोजत असतील. वाटीतलं प्रमाण वजनाला लावलं म्हणजे सगळंच फसणार. तिन्ही पुडी वेगवेगळ्या आणून तिनं वाटीनं मोजायला सुरुवात केली. दूध बदललं, पाणी बदललं, फिल्टरसुद्धा पितळेचा आणला. मामा निमूटपणे प्यायचे आणि मान हलवायचे. रात्री त्यांच्या खोलीतून येरझाऱ्यांचा आवाज यायचा. आठवणी छळत असतील बिचाऱ्यांना, असं वाटून ती दुसऱ्या दिवशी आणखी नेटानं वाट्या भरायची.

एकदा मात्र कहरच झाला. गडबडीत डबे बदलले आणि तिनं पहिल्याच प्रमाणाची, पाचास तीनास दोनची कॉफी केली. मामांनी घोट घेतला आणि म्हणाले, आज पार लांब गेली. अहो, जी तेव्हा जवळ होती, तीच आज लांब? श्वेता ओट्याला टेकून उभीच राहिली. आकडे तेच, हात तोच, जीभ तीच. नेमकं घोडं कुठं पेंड खातंय, ते काही केल्या तिला कळेना. शुभंकरला काही सांगायची सोय नव्हती. बोटीवरून फोन लागला तर नशीब, आणि लागला की ती, सगळं छान आहे, एवढंच सांगायची.

मामांचा फोन मात्र रोज सकाळी गावाकडं लागायचा. पेरवाच्या झाडाला जाळी घातली का, अंगण झाडलं का, असं ते शेजारच्या शिवाप्पाला विचारत बसायचे. अशाच एका फोननंतर ते तिच्यासमोर येऊन बसले.

"पोरी, तुझ्यात काय खोट न्हाई. तू लई केलंस. पर सकाळची कॉफी मनासारखी न्हाई झाली की माझा दिसच उगवत न्हाई. तिच्या हातची पूड डब्यात हाय अजून घरात. आता मला जाऊ दे."

गेलेल्या बाईच्या डब्याशी कोण भांडणार? श्वेता रडली, आठवडाभर थांबा म्हणाली, अजून एक प्रमाण करून बघते म्हणाली. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तोंड फिरवून घेतलं. बसमध्ये बसवताना तिनं पाचास तीनास दोनचं अर्ध्या किलोचं पाकीट त्यांच्या पिशवीत घातलं. त्यांनीही त्याला नाही म्हटलं नाही. निपाणीच्या स्टँडवर शिवाप्पानं त्यांना उतरवून घेतलं आणि पोचल्याचा फोन केला.

बोट बंदराला लागल्यावर शुभंकरचा फोन आला, तेव्हा श्वेतानं रडत रडत सगळं सांगून टाकलं. शब्द मोडला, अप्पांना थांबवू शकले नाही, एवढी गणितं केली पण आईंच्या हातची कॉफी काही जमली नाही.

"आईच्या हातची कॉफी?" शुभंकर म्हणाला. "अगं, आईनं जन्मात कधी कॉफी केली नाही. आमच्याकडं सगळे चहाचे."