भाषा शिकू नकोस

आम्ही थायलंडमध्ये माझ्या माहेरी, उदोनला राहायला आलो, तेव्हा माझा इंग्रज नवरा गॅरेथ मला घेऊन आधी रॉडनीकडे गेला. रॉडनी म्हणजे आमच्या गावातला सगळ्यात जुना गोरा जावई. नव्या जावयांना सल्ले देणं हा त्याचा आवडता उद्योग.

"थाई अजिबात शिकू नकोस," चिकट भाताची बोटं चाटत तो माझ्यादेखत गॅरेथला म्हणाला. "यांचं बोलणं कळायला लागलं की सासरचे डोक्यावर बसतात. मी इतकी वर्षं इथे आहे, एक शब्द येत नाही. मजेत आहे!"

मला त्याची किळस आली. त्याहून जास्त किळस मान डोलावणाऱ्या गॅरेथची आली. मी उठून स्वयंपाकघरात रॉडनीच्या बायकोकडे गेले.

"फिकुनताई, कसं गं सहन करतेस या माणसाला?"

ती पपई किसत होती. मान वर न करता म्हणाली,

"काल डॉक्टर त्याच्यासमोरच म्हणाले, कॅन्सर सगळीकडे पसरलाय, आता फार दिवस नाहीत. त्याने मला विचारलं, 'काय म्हणतोय गं हा?' मी म्हटलं, पोटात गॅस झालाय."